मुलांच्या मैत्रीवरचा कार्डांचा खेळ : सहा आठवडे खेळून झाल्यावर

ज्यांना फक्त घ्यायचा की नाही तेवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. घरात एकटंच मूल असेल आणि त्याचे मित्र घरी येत नसतील तर घेऊ नका. पोरांचं टोळकं येत-जात असेल तर जरूर घ्या, पण सोबतची पुस्तिका आणि स्टारचे स्टिकर पहिल्याच दिवशी कपाटावर टाका. असं का म्हणतेय ते खाली आहे, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर खाली बरंच उणंदुणं काढलंय, आणि दुसरं म्हणजे या टाइपचे खेळ आता बऱ्याच जणांनी काढलेत, नीतिमूल्यं, सोशल स्किल्स वगैरे लिहिलेले, आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच.

तर घ्यायची वेळ का आली. थोरला पाचवीत आहे. त्याच्या वर्गात एक मुलगा मोठ्याने वाचताना अडखळतो, आणि मधल्या सुट्टीत एकाने त्याची नक्कल केली आणि पाच-सहा जण हसले, त्यात आमचे चिरंजीव. बाईंचा फोन आला. मी घरी विचारलं, तू नक्कल केलीस? नाही. मग? "सगळे हसत होते." बस, एवढंच. हे "सगळे" त्याने असं म्हटलं की जणू ते वर्गातल्या एखाद्या मुलाचंच नाव असावं आणि हसायचं का नाही ते त्याने एकट्याने ठरवलं असावं. मी पंधरा मिनिटं लेक्चर दिलं, त्याने मान हलवली, दोघांनाही माहिती होतं की काही उपयोग नाहीये. त्याच रात्री हा खेळ मागवला, रागाच्या भरात म्हणा हवं तर.

बॉक्समध्ये काय येतं ते पटकन सांगते. ७२ कार्डं, तीन रंगांची. निळ्यावर "तू काय करशील", पिवळ्यावर "त्याला काय वाटलं असेल", लाल म्हणजे "खरं की दोस्ती". एक फिरकी, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, पालकांसाठी पुस्तिका, "माझ्या मैत्रीचा नकाशा" असं छापलेल्या कागदांचं पॅड आणि सोनेरी स्टिकर. वय ७ ते १२ लिहिलंय. कार्डं दिसायला छान आहेत पण कोपरे दुसऱ्या आठवड्यातच उलायला लागले. फिरकी दोन दिवसांत सैल झाली, आम्ही फासे वापरतो. चित्रं मात्र खरंच चांगली आहेत, चेहऱ्यांवर भाव आहेत, आणि वाईट वागणारं मूल म्हणजे भुवया चढवलेलं आणि केस विस्कटलेलं असा बावळटपणा केलेला नाही.

पहिला आठवडा पुस्तिकेबरहुकूम खेळलो. म्हणजे पालकाने कार्ड वाचायचं, मुलाने उत्तर द्यायचं, पालकाने मागच्या पानांवरचं "आदर्श उत्तर" बघायचं आणि जुळलं तर स्टार. आमच्या मुलाने सात दिवसांत २३ स्टार कमावले. नवीन मुलगा आला तर बोलशील का? हो. कोणाला खेळायला घेत नसतील तर? मी घेईन. मित्राने खोटं बोलायला सांगितलं तर? मी नाही म्हणेन. असं वाटावं की घरात साक्षात संत अवतरलेत. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, ही तर इंटरव्ह्यूची तयारी चाललीये. मला राग आला पण बरोबर होतं त्याचं. ४१ नंबरचं लाल कार्ड घ्या, त्यावर असं आहे की तुझ्या जवळच्या मित्राने वर्गातली एक वस्तू न विचारता घरी नेली, बाई सगळ्यांना विचारतायत कोणाला माहिती आहे का, तू काय करशील? आमचा म्हणाला, "मी बाईंना खरं सांगेन." वर माझ्याकडे बघून, स्टार कुठे चिकटवायचा ते बोटाने दाखवून. आदर्श उत्तर! स्टार!

दुसऱ्या आठवड्यात खेळ पडून होता. खरं सांगायचं तर मी रिटर्नची मुदत बघत होते.

मग एका रविवारी त्याची टोळी आली. एक त्याचा खास दोस्त, त्याला मी इथे कॅप्टन म्हणते कारण काय खेळायचं ते तोच ठरवतो. एक चष्मेवाला, सतत बडबड. एक मुलगी, शेजारच्या तुकडीतली, बोलते कमी आणि बघते जास्त. आणि आमची धाकटी, तिसरीतली, न बोलावता. त्यांनी बॉक्स बघितला आणि हे काय आहे म्हणून स्वतःच उघडला. मी आत होते, दार अर्धं उघडं. आणि योगायोगाने नाही, चष्मेवाल्याने मुद्दाम लाल कार्डं वर काढली कारण त्यावर "दोस्ती" लिहिलंय, त्यामुळे ४१ लवकरच आलं.

कॅप्टन लगेच म्हणाला, सांगायचं नाही, चुगली करणारा दोस्त कसला. चष्मेवाला म्हणाला, हो ना, नाहीच सांगायचं. आता आमच्याची पाळी. त्याने आधी कॅप्टनकडे बघितलं, मग कार्डाकडे, परत कॅप्टनकडे, आणि म्हणाला, "मी पण नाही सांगणार." तेच कार्ड, तेच पोर, दहा दिवसांपूर्वीचा स्टार अजून फ्रीजला चिकटलेला. मला बाहेर जाऊन म्हणावंसं वाटलं की अरे मला काय म्हणाला होतास. नाही गेले. ते एक बरं केलं, कारण मग ती मुलगी बोलली. ती म्हणाली, मी बाईंना नाही सांगणार पण त्यालाच सांगेन की उद्या लवकर ये आणि गुपचूप परत ठेव, मी दारात उभी राहते. दोन सेकंद कोणी काही बोललं नाही. मग चष्मेवाला म्हणाला, हां, हे भारी आहे. आणि कॅप्टन म्हणाला, पण त्याने नाही ठेवलं तर? आणि यावर ती चौघं वीस मिनिटं भांडली. वीस मिनिटं! माझं लेक्चर पंधराचं होतं आणि त्यात समोरच्याने तोंड उघडलं नव्हतं.

पुस्तिकेत ४१ चं उत्तर एका ओळीत आहे: ताबडतोब शिक्षकांना सांगावे. दोस्ती टिकवून चूक कशी दुरुस्त करायची हा प्रश्न पुस्तिका लिहिणाऱ्याला पडलाच नाहीये, आणि दहा वर्षांच्या पोरांना दिवसभर तोच पडलेला असतो.

शिक्षणशास्त्र शिकताना पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ वाचला होता, परीक्षेपुरता, विसरले पण होते. या माणसाने १९३२ साली मुलांच्या नीतीवर जे लिहिलं त्याची सुरुवात गोट्यांपासून केली. स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्यात बसून तो गोट्यांचे नियम विचारायचा, आपल्याला काही येत नाही असं दाखवून. लहान मुलांना वाटायचं नियम म्हणजे मोठ्यांनी घालून दिलेली गोष्ट, हात लावायचा नाही, आणि गंमत म्हणजे खेळताना तेच नियम बिनधास्त मोडायचे. दहा-अकराच्या पुढची मुलं म्हणायची की नियम बदलता येतो, पण खेळणाऱ्या सगळ्यांना मान्य पाहिजे. त्याचं म्हणणं असं की हा बदल मोठ्यांच्या धाकाने होत नाही, बरोबरीच्या मुलांशी भांडून, जमवून घेऊन होतो, कारण आईपुढे मूल मान डोलावतं पण मित्राला पटवून द्यावं लागतं. पुढच्या संशोधकांनी त्याच्या वयांच्या पायऱ्या बऱ्याच खोडून काढल्या, पण ही मधली गोष्ट मी त्या रविवारी अर्ध्या उघड्या दारातून बघितली.

आणि ती वाळूच्या घड्याळामुळे परत बघायला मिळाली, त्यामुळे हा दोष आहे का गुण ते मला अजून ठरवता आलं नाहीये. झालं असं की कॅप्टनच्या हातात स्टॉपवॉचवालं घड्याळ होतं, आणि त्याला कळलं की या खेळाचं एक मिनिट ४३ सेकंदांचं आहे. मग उलटं करून मोजलं तर ५१. म्हणजे वाळू एका बाजूने लवकर पडते. झाला ना दंगा. चष्मेवाला म्हणाला माझ्या पाळीला ४३ वाली बाजू होती, मला परत द्या. धाकटी म्हणाली मी लहान आहे, मला नेहमी ५१ वाली बाजू. कॅप्टन म्हणाला घड्याळच नको, माझ्या हातातलं वापरू. तर ती मुलगी म्हणाली, मग मोजणार तूच ना? शेवटी असं ठरलं की वाळूचंच वापरायचं, बाजू आळीपाळीने, आणि धाकटीला दोनदा. हे त्यांनी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून खाली सह्या केल्या. त्या ३२ पानांतलं सगळ्यात उपयोगी पान तेच आहे.

पुढच्या वेळी मी एक आगाऊपणा केला. म्हणलं, आधी तोंडी नको, चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, मग बोला. हे माझं डोकं नाही, वाचलेलं होतं. जर्मनीतल्या हॉन आणि टोमासेलो या दोघांनी २०११ साली चार वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग छापला. चार-चार मुलांना चित्रांची पुस्तकं दिली, दिसायला सारखी, पण एकाच्या पुस्तकात मुद्दाम काही पानं वेगळी. तीन मुलं एक उत्तर देणार आणि चौथ्याला समोर दिसतंय की हे चूक आहे. अशा २४ मुलांपैकी १८ जणांनी निदान एकदा तरी बाकीच्यांची री ओढली. आणि जेव्हा मोठ्याने न सांगता गुपचूप बोट दाखवायचं होतं तेव्हा री ओढणं कमी झालं. म्हणजे डोळ्यांना बरोबरच दिसत होतं, तोंडाला वेगळं वाटत होतं. चार वर्षांची पोरं! आपण म्हणतो की हे सगळं टीनएजमध्ये सुरू होतं.

तर चिठ्ठ्या. कार्ड होतं निळं, १७ नंबर: एका मुलाची सगळे चेष्टा करतायत, तुला हसू येत नाहीये, तू काय करशील? मी मुद्दाम वर ठेवलं होतं, कबूल. चार चिठ्ठ्या, धाकटीची पाचवी पण तिने चित्र काढलं होतं. एकीवर, मी तिथून जाईन. एकीवर, त्याला नंतर सॉरी म्हणेन. एकीवर, मी खोटं हसेन. आणि चौथीवर अक्षर मुद्दाम वाकडं काढून, "नाही हसलं तर पुढचा नंबर माझा." ती वाचल्यावर कोणी हसलं नाही. चष्मेवाला म्हणाला, मी पण असंच करतो, मी हसत नाही, फक्त दात दाखवतो. कॅप्टन गप्प होता. खूप वेळाने म्हणाला, पण सगळेच दात दाखवत असतील तर? म्हणजे कोणालाच हसू येत नसेल तर?

मी हा प्रश्न आयुष्यात कोणत्या ट्रेनिंगमध्ये ऐकला नाहीये. त्या चिठ्ठ्या कोणाच्या होत्या ते मी शोधलं नाही (अक्षर ओळखलं, पण शोधलं नाही म्हणू).

यावर पुस्तिकेत काय आहे? "धैर्याने विरोध करावा" असं एक वाक्य. कसा? एकट्याने? कॅनडात शाळेच्या मैदानावर लपवलेले माइक आणि कॅमेरे लावून बऱ्याच वर्षांपूर्वी अभ्यास झालेत, पेप्लर आणि क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्यात २००१ साली छापलेले आकडे असे की दादागिरीच्या ८८ टक्के प्रसंगांत बाकीची मुलं तिथे हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांमध्ये, पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंद. या खेळाच्या वाळूच्या घड्याळातसुद्धा चारदा बसतात. हे मी पोरांना सांगितलं, आकडे म्हणून नाही, असंच. चष्मेवाल्याने लगेच मोबदला विचारला, की मध्ये पडलो आणि मलाच मारलं तर? त्यावर आमचा म्हणाला दोघं मिळून पडू. हे "दोघं मिळून" कंपनीने एका तरी कार्डावर छापायला हवं होतं. ७२ च्या ७२ कार्डांवर मूल एकटंच आहे. तू काय करशील, तू काय म्हणशील. शाळेत मूल एकटं असतं कधी? आणि जे खरंच एकटं असतं त्याला तर एक मित्र मिळणं हीच मोठी गोष्ट असते, एक जवळचा मित्र असला तरी त्रास देणाऱ्यांचा मारा आणि त्याचा परिणाम कमी होतो असं १९९९ च्या एका अभ्यासात दाखवलंय.

आता खरी तक्रार. त्या पॅडबद्दल. "माझ्या मैत्रीचा नकाशा". मधे मूल, भोवती तीन वर्तुळं, आतल्यात जिवलग, मधल्यात मित्र, बाहेरच्यात "जे मला फारसे आवडत नाहीत". नावं लिहायची. मूल कोणाच्या संगतीत आहे ते पालकांना कळावं म्हणून. आमच्या धाकटीने भरला, मन लावून, रंगीत पेनांनी, आणि तो कागद तिच्या दप्तरात गेला. कसा गेला विचारू नका, तिच्या दप्तरात सगळंच जातं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावरच्या मुलीने बघितलं की आपलं नाव बाहेरच्या वर्तुळात आहे. आदल्या दिवशी खोडरबरावरून वाजलं होतं म्हणून तिथे गेलं होतं ते नाव, बाकी काही नाही, दोन दिवसांनी आपोआप आत आलं असतं. पण कागदावर होतं. ती मुलगी आठवडाभर बोलली नाही आणि अजून दोघींना सांगितलं आणि त्यांनी पण बोलणं सोडलं. आमची रोज रात्री रडायची. मी त्या मुलीच्या आईला फोन करून माफी मागितली, अशी माफी मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, एका पॅडच्या कागदासाठी.

वर्गातली मुलं कोणाला निवडतात, कोणाला नाही, याचे नकाशे काढायची पद्धत मोरेनो नावाच्या माणसाने १९३४ साली मांडली, आणि पुढे त्यावरूनच संशोधकांनी लोकप्रिय, नावडती, कोणाच्या खिजगणतीत नसलेली, असे मुलांचे गट पाडले. पण ते लोक ही उत्तरं कुलूपबंद ठेवतात, मुलांना एकमेकांची दिसू देत नाहीत, कारण दिसली तर काय होतं ते उघड आहे. इथे ते आठ वर्षांच्या मुलीच्या हातात रंगीत पेनांसकट दिलंय. कंपनीला मेल केला. उत्तर आलं की आपल्या मौल्यवान प्रतिक्रियेबद्दल आभार, आणि घड्याळाबद्दलही लिहिलं होतं म्हणून नवीन घड्याळ पाठवलं. ते ४७ सेकंदांचं आहे, दोन्ही बाजूंनी. प्रगती आहे.

पुस्तिकेतलं "वाईट संगत कशी ओळखावी" हे प्रकरण तर मी दोनदा वाचलं कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. अशा मुलांपासून तुमच्या मुलाला दूर ठेवा, आणि खाली यादी, वर्गात बोलणारी, उलट उत्तर देणारी, अभ्यासात मागे असलेली. म्हणजे चष्मेवाला बाद, कॅप्टन बाद, आणि खरं बघितलं तर आमचा पण बाद. माझी आई नेहमी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. खरंय, लागतो. पण मी आजवर एकही आई बघितली नाही जिला आपलं पोर ढवळ्या वाटतं. सगळ्यांचे पवळेच. आणि दावणीला बांधलेल्या बैलाला शेजारी निवडता येत नाही, मुलं निवडतात. कँडेल नावाच्या बाईंनी १९७८ साली शाळेतल्या मित्रांच्या जोड्या वर्षभर बघून दाखवलं होतं की मित्र एकमेकांसारखे असतात ते साधारण निम्मं या कारणाने की सारखी मुलंच एकमेकांना शोधतात, आणि निम्मं सोबत राहून. बाईंच्या त्या फोननंतर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं माहितीये? कॅप्टनची संगत. आणि नक्कल कोणी केली होती ते नंतर कळलं, कॅप्टन तिथे नव्हताच.

अजून एक, पॅकेटमध्ये एक पत्रक येतं त्यांच्या ऑनलाइन बॅचचं, "वर्तन समस्या असलेल्या मुलांसाठी खास गट". बॅच मी लावलेली नाही त्यामुळे ती चांगली की वाईट ते माहिती नाही, पण सगळी त्रासदायक म्हणून शिक्का बसलेली मुलं एका गटात बसवणं यावर विचार करून पैसे भरा. डिशिऑन आणि इतरांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय की असे गट कधीकधी उलटतात, मुलं एकमेकांच्या खोडीच्या गोष्टींना हसून दाद देतात आणि ती दादच शिकवण होते. शिकवणाऱ्याची पाठ वळली की खरा क्लास सुरू.

वयाबद्दल. ७ च्या मुलाला लाल कार्डं जड जातात, धाकटीला "खरं की दोस्ती" यात काय निवडायचं तेच कळत नव्हतं, तिला दोन्ही पाहिजे होतं, जे तसं शहाणपणाचंच आहे. पिवळी कार्डं, म्हणजे त्याला काय वाटलं असेल वाली, तिला फार आवडली. ९ ते ११ हे वय एकदम बरोबर. १२ ला मला शंका आहे. माझा भाचा १४ चा आहे, तो एकदा बसला, तीन कार्डं वाचली आणि म्हणाला, मावशी, हे सगळं मला माहितीये. आणि माहिती असतंच की त्या वयाला, माहितीचा प्रश्नच नसतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवायचा व्हिडिओ गेम वेगवेगळ्या वयाच्या ३०६ लोकांना खेळायला दिला, काहींना एकट्याला, काहींना बरोबरीचे दोघं जवळ बसवून. १३ ते १६ ची मुलं मित्र जवळ असताना जास्त धोका पत्करत होती, २४ च्या पुढच्यांना मित्र असले काय नसले काय फारसा फरक पडत नव्हता. तर त्या वयासाठी कार्डं वाचून काही होणार नाही असं माझं मत.

कार्डांच्या मजकुरात खूप चढउतार आहे हेही सांगायला हवं. साधारण एक तृतीयांश कार्डं अशी आहेत की उत्तर प्रश्नातच दिसतं, नवीन मुलगा एकटा बसलाय, तू काय करशील, यावर कोण म्हणणार आहे की मी तोंड फिरवीन. आमच्या टोळीने अशी कार्डं वेगळी काढून त्यांना "बाईंची कार्डं" नाव दिलंय. पण काही फार तयारीची आहेत. एक असं आहे की तुझा मित्र तुझ्याशी छान वागतो पण दुसऱ्या एकाला सतत त्रास देतो, तो चांगला मित्र आहे का? एक असं की खेळात तुझ्याच टीमने चीटिंग केली आणि जिंकलात, दुसऱ्या टीमला कळलं नाहीये. एक की वही दिली नाहीस तर आपली दोस्ती संपली असं जो म्हणतो त्याला दुसऱ्या दिवशी तू काय म्हणशील, लक्षात घ्या, त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. हे ज्याने लिहिलंय त्याने शाळेचं अंगण बघितलंय. पुस्तिका लिहिणारा आणि हा माणूस वेगळे असणार, पैज लावते.

फरक पडला का, हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतायत. पडला म्हणावं असं मोठं काही नाही. तो अडखळणारा मुलगा आता आमच्याच्या गटात प्रोजेक्टला आहे, पण तो बाईंनी घातलाय, यांनी मागून घेतला नाहीये. मोठ्याने वाचायची पाळी आली की अजून कोणीतरी हसतं. आमचा म्हणाला, मी हसत नाही आता. मी विचारलं, थांबवतोस का? म्हणाला, एकदा चष्मेवाल्याला पायाने ढोसलं. एकदा. ठीक आहे.

पाचपैकी साडेतीन. कार्डांना चार, चित्रांना पूर्ण, पुस्तिकेला एक, तोही मागच्या कोऱ्या पानासाठी. मैत्रीच्या नकाशाला उणे. घेणाऱ्यांना एवढंच की नकाशाचं पॅड मुलांच्या हातात पडायच्या आधी काढून घ्या, चिठ्ठ्या ठेवा, आणि ती खेळत असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, जीव कितीही वर-खाली झाला तरी.

आणि हो, आमच्या सेटमधलं एक कार्ड आता हरवलंय. परवा मोजले तर ७१ निघाले, नसलेलं ४१. मी थोरल्याला विचारलं कोणी नेलं माहिती आहे का. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "माहितीये. पण तुला नाही सांगणार." मग जरा थांबून, "मी त्याला सांगितलंय, रविवारी आणून ठेव." रविवार अजून यायचाय.